जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२
अशोक चौकाजवळ आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. बिलिंगच्या लॅपटॉपला रॅम ४ जीबी. डेबियन १२ (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला, छान चालतं. पण वायफायचा डोंगल (यूएसबीत खोचायचा) काही केल्या दिसेना. चिप रिअलटेक ८८२१सीयू. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) आला आवृत्ती ६.२ पासून, आणि डेबियन १२ येतं ६.१ घेऊन. बॅकपोर्ट्समधून, म्हणजे डेबियनच्याच नव्या आवृत्त्यांच्या साठ्यातून, कर्नल ६.१२ घातला (हा ६.२ च्या नंतरचा), रीस्टार्ट केलं, आणि कोपऱ्यात नेटवर्कची नावं एकेक उमटायला लागली. लई बरं वाटलं! जुना कर्नल काढू नका, अडलं तर ग्रबमधून, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूतून, त्यावर परतता येतं. यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं बाहेरून येणारी कनेक्शन्स बंद केलीत. गिऱ्हाइकांची उधारी आत आहे, म्हणून इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासफ्रेजशिवाय (लांब पासवर्डशिवाय) ती वाचता येत नाही. रोज सकाळी पासफ्रेज टाकून अप्पा स्वतःच मशीन चालू करतात.