वादळात पत्रा धरतो कोण? रबर वॉशरच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूची पारख

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तेव्हापासून रायगड-रत्नागिरीत कौलं उतरवून रंगीत पत्रा घालणारी घरं वाढली. गिऱ्हाईक पत्रा कोणत्या कंपनीचा ते विचारतं, स्क्रू मात्र फॅब्रिकेटरच्या खिशातून येईल तो.

हिशोब बघा. ताशी 120 किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो. दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर वर खेचणारी ही ओढ 220 किलोच्या आसपास जाते. आढ्याशी, कडेला आणि कोपऱ्यात त्याहूनही जास्त. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आगेमागे. छपरावर वाळूची पोती टाकणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

लोखंडी परलिनसाठी, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पाइपासाठी, 5.5 मिमी जाड, 55 मिमी लांब स्क्रू उत्तम. पत्र्याच्या उंचवट्यावरून मारला तरी खाली पोचतो आणि पाणी मुरत नाही. पण परलिनचा पाइप 2 मिमी जाडीचा हवा. 1.2 मिमीच्या स्वस्त पाइपात एखाद-दुसरा आटाच धरतो आणि धक्क्यांनी स्क्रू सैल होऊन वर येतो. लाकडी वाशावर हा स्क्रू घेऊ नका. त्याचं टोक लोखंड भोकसण्यासाठी असतं, लाकडात ते भोक मोठं करून ठेवतं. तिथे रुंद आट्यांचा, अणकुचीदार टोकाचा लाकडाचा स्क्रूच लागतो. सिमेंटच्या पत्र्याला जे-हूकच (परलिनला अडकणारा J आकाराचा आकडा) बरा, भोक मात्र हूकपेक्षा जरा मोठं पाडायचं, नाहीतर पत्रा तडकतो.

खरी गोम वॉशरमध्ये आहे. चांगलं काळं ईपीडीएम रबर धातूच्या चकतीला चिकटवलेलं असतं. नखाने सुटलं किंवा दुमडल्यावर चिरलं तर पाकीट परत करा. खाऱ्या वाऱ्यात साधा पिवळसर जस्तलेप लवकर गंजतो, म्हणून किनाऱ्याजवळ क्लास 3 किंवा 4 (गंजरोधक लेपाचे वरचे दर्जे) लेपाचेच मागा. महाग पडतात, पण डोक्याशी गंज धरला की तिथूनच पत्रा फाटत जातो.

बसवताना बिघडतं ते इम्पॅक्ट ड्रिलमुळे. रबर पिचकून चकतीबाहेर आलं की स्क्रू जास्त आवळला गेला. चकती फिरत असेल तर कमी. कमी वेगाचं, क्लच असलेलं स्क्रूगन वापरायला सांगा. पागोळीकडच्या आणि आढ्याजवळच्या परलिनवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या ओळींत एकाआड एक. कारागीर मजुरी वाचवायला सगळीकडेच एकाआड एक मारतात आणि कडेचा पत्रा आधी उचलतो. दोन पत्र्यांच्या जोडावर साधारण दीड-दीड फुटावर छोटे जोड-स्क्रू घाला.

वादळानंतर उडालेला पत्रा सरळ करून पुन्हा त्याच भोकांत तेच स्क्रू मारू नयेत. भोकं लांबट झालेली असतात. थोडीच लांबली असतील तर 6.3 मिमीचा स्क्रू आणि मोठी चकती चालते. कड फाटली असेल तर तो पत्रा गोठ्याच्या आडोशाला वापरा, छपरावर नको. छपरावर टिकलेल्या पत्र्यांचेही कडेचे स्क्रू एकेक तपासून घ्या, आणि परलिनचे वेल्डिंग हातोडीने ठोकून पाहा.