दुर्बिणीची पहिली तपासणी: जागेपणी की गुंगीत, घरून की मुक्कामी?

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी माझ्या खिशातून कपाटात, कपाटातून देव्हाऱ्यामागे आणि तिथून पुन्हा खिशात, अशी जवळजवळ तीन महिने फिरत होती. तिच्यावर लिहिलेलं एवढंच, ‘कोलोनोस्कोपी करून घेणे’, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीच्या नळीने आतून पाहणं. आधी सोयाबीन निघायचं होतं, मग कापसाची वेचणी, मग पुतणीचं लग्न. ही सगळी सांगायची कारणं. खालून नळी घालतात हे ऐकल्यापासून मला रात्री झोप लागत नव्हती, हे खरं कारण.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, निवृत्त शिक्षक आहे. वर्षभरात आमच्या घरात ही तपासणी तीनदा झाली. माझी दोनदा (दोनदा का, ते पुढे येईलच) आणि वहिनीची एकदा. माझी सरकारी दवाखान्यात, जागेपणी. तिची नागपूरला खासगीत, गुंगीचं इंजेक्शन देऊन. त्यामुळे दोन्ही बाजू घरातच पाहायला मिळाल्या. ज्यांच्या खिशात अशीच चिठ्ठी पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तपासणी की टाळाटाळ

अमेरिकेत वयाची ४५ वर्षं झाली की काही त्रास नसतानाही आतड्याची तपासणी सुचवतात. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतात, आतड्याचा नाही. म्हणून खेड्यातल्या माणसाला ही तपासणी सांगितली जाते ती रक्त पडल्यावर, वजन उतरल्यावर, नाहीतर हिमोग्लोबिन विनाकारण घसरल्यावर. साहजिकच भीती दुहेरी असते. नळीची एक आणि काय निघेल याची दुसरी. पहिलीवर उपाय आहेत. दुसरीवर तपासणी करून घेणं हाच उपाय आहे, आणि दुर्बिणीत निघतं तेही बहुतेकदा मूळव्याध, सूज, जंतुसंसर्ग, लहानसा कोंब (अस्तरावर वाढलेली गाठ, डॉक्टर तिला पॉलिप म्हणतात) असं काहीतरी असतं. कधी आतड्याचा क्षयरोग निघतो, त्यावर औषधं आहेत.

एसटी स्टँडाच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ असं रंगवलेलं असतं. मी तिथेही जाऊन आलोय. पुड्या घेतल्या, रक्त आठ दिवस थांबलं, परत सुरू झालं. मूळव्याध असली म्हणजे वर दुसरं काही नाही असं होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दुर्बिणीऐवजी दुसरं काही चालेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. शौचातलं लपलेलं रक्त शोधायची चाचणी सोपी आहे, पण ती ज्यांना काही लक्षण नाही त्यांच्यासाठी. डोळ्यांना रक्त दिसतंच आहे तर लपलेलं शोधून काय करणार? सीटी स्कॅन करूनही आतडं पाहतात. त्यातही पोट साफ करावं लागतं, खालून हवा भरावी लागते आणि काही दिसलंच तर तुकडा काढायला शेवटी दुर्बीण आलीच. आखूड दुर्बीण शेवटचा डावा भागच पाहते. एनिमा देऊन लवकर उरकते, आणि वय कमी असेल, रक्त ताजं लाल असेल तर डॉक्टर कधी तेवढ्यावर भागवतातही. पण ते त्यांनी ठरवायचं. ‘छोटी नळी टाका’ असं आपण सांगायचं नाही.

सरकारी की खासगी

यावर फार लिहीत नाही. नागपूरचं सरकारी मेडिकल, किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी ही संस्थांची रुग्णालयं, अशा ठिकाणी पैसे कमी लागतात, पण तारखेसाठी थांबावं लागतं आणि त्या दिवशी नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. खासगीत वेळ ठरलेली असते. फोन करताना एकच गोष्ट नीट विचारा: सांगितलेल्या रकमेत गुंगीचं इंजेक्शन, भूलतज्ज्ञ आणि तुकड्याची तपासणी धरलीय की वेगळी? वहिनीच्या बिलात या तिन्हींचे आकडे वेगवेगळे निघाले आणि दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सरकारी योजनेतून होईल का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारलेलं बरं.

औषध कुठे प्यायचं

माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि त्यावर कुणी बोलत नाही. लोक नळीला भितात, पण कस लागतो तो आदल्या रात्री. आतडं आरशासारखं स्वच्छ लागतं. त्यासाठी पावडरीचं औषध दोन लिटर पाण्यात कालवून प्यायचं असतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. चव खारट आणि बुळबुळीत. तास-दीड तासात पोट सुटतं, मग मोजदाद राहत नाही.

पहिल्या वेळी मी हे सगळं घरीच केलं. आमचा संडास अंगणाच्या टोकाला. डिसेंबरची थंडी, त्यात रात्री लाइट गेली, टाकीतलं पाणी संपलं. बायको बादल्या भरतेय आणि मी हातात बॅटरी घेऊन येरझारा घालतोय. सकाळी अडीच तासांचा एसटीचा प्रवास होता. पोट थांबलंय असं वाटून बसलो. अर्ध्या वाटेत कळलं, नाही थांबलं. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने एका ढाब्यासमोर गाडी थांबवली आणि कुणाला काही कळू न देता ‘पाच मिनिटं चहा’ असं ओरडला. त्या पोराला मी चौथीत इतिहासात नापास केलं होतं.

इतकं करूनही तपासणी अर्धवट राहिली. चूक सर्वस्वी माझी. सूचनांच्या कागदाची मागची बाजू मी वाचलीच नव्हती. ‘पान उलटा’ हे पोरांना सांगण्यात माझी तीस वर्षं गेली! मागे दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, दोन-तीन दिवस बिया, साल आणि चोथा असलेलं काही खायचं नाही. मी परवाच शेतात भरीत-भाकर खाल्ली होती. दोन, निम्मं औषध संध्याकाळी आणि निम्मं पहाटे. मी सगळंच संध्याकाळी पिऊन मोकळा झालो होतो आणि नंबर लागला दुपारी एक वाजता. मधल्या काळात वरून पित्त आणि पाझर उतरत राहतो, उजवीकडचं आतडं पुन्हा माखतं. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, “काका, परवा काय जेवलात?”

“भरीत.”

“दिसतंय.” मलाही दिसलं. ओल्या गुलाबी भिंतीला वांग्याच्या बिया चिकटलेल्या.

दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या गावी साडूंकडे मुक्काम केला. तीन दिवस भात, फोतरं काढलेल्या मुगाचं पातळ वरण, दही, उकडलेले आलू, रव्याचा उपमा. ज्वारीची भाकर, पालेभाज्या, जवसाची आणि कऱ्हाळ्याची चटणी, पेरू, संत्र्याच्या फोडी बंद. आदल्या दिवशी फक्त गाळलेली पेज, नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी आणि बिनदुधाचा चहा. लाल-जांभळं सरबत नाही, आत ते रक्तासारखं दिसतं. औषध थंड करून स्ट्रॉने प्यालो, मधूनमधून लिंबाची फोड चोखली. संध्याकाळी सातला अर्धं, पहाटे चारला अर्धं. संडास खोलीला लागून. खोबरेल तेल जवळ ठेवा, आग होते. पाण्यासारखं पिवळं, निवळ यायला लागलं की झालं समजा. शेवटचा घोट तपासणीच्या किती आधी संपवायचा ते दवाखाना सांगतो. दोन तासांच्या आत तर काहीच प्यायचं नाही.

घरापेक्षा साडूंचं घर बरं, हे उघड आहे. नातेवाईक नसतील तर दवाखान्याजवळची लॉज घ्या, पण आधी संडास बघून. वय सत्तरीच्या पुढे असेल, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर दाखल होऊन वॉर्डातच औषध पाजा म्हणावं. वॉर्डाचा संडास सगळ्यांचा असतो, पण चक्कर आली तर सलाइन लावायला कुणीतरी असतं. अशा पेशंटांनी ‘थोडंच प्यावं लागतं’ म्हणून लहान बाटलीतलं फॉस्फेटचं औषध मनाने आणू नये, किडनीला ते धोक्याचं असतं.

गोळ्यांचंही तसंच. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. एंजिओप्लास्टी झालेल्याने आपल्या मनाने गोळी बंद केली तर तपासणीपेक्षा मोठं संकट ओढवेल.

जागेपणी की गुंगीत

आधी वहिनीचं. डाव्या कुशीवर झोपवलं, हाताला सुई, बोटाला चिमटा, नाकाला ऑक्सिजन. पुढचं तिला काही आठवत नाही. डोळे उघडल्यावर तिने नर्सला विचारलं, “बाई, सुरू कधी करता?” घरी आल्यावर मला म्हणे, “भाऊजी, मले तं काही समजलंच नाई. उगाच महिनाभर रडली मी.”

पण तिच्या बाजूची किंमतही सांगतो. नंतर दोन तास पडून राहावं लागलं. सोबत जबाबदार माणूस लागतोच. चोवीस तास गाडी चालवायची नाही, कागदावर सही करायची नाही. दादाला भाड्याची गाडी करावी लागली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं ते वहिनी गुंगीत असताना, आणि दादाने ऐकलं त्यातलं निम्मं बुटीबोरीपर्यंत विसरला. गुंगी घेणार असाल तर काय दिसलं ते लिहूनच मागा.

आता माझं. मागून उघडी असलेली कागदी चड्डी देतात, अंगावर चादर असते. लाज वाटते ती दारातून टेबलापर्यंत. बोटभर जाडीची नळी आत जाताना दुखलं नाही. संडासला जोरात लागल्यासारखं वाटलं, ती हवा असते. ती सुटली तर सुटू द्यायची, तिथे कुणी हसत नाही. आतडं जिथे वळतं तिथे मात्र कळ येते. वायगोळा उठावा तशी. डावीकडे एकदा जबर, उजवीकडे जाताना एकदा थोडी कमी. मी एकोणतीसचा पाढा म्हणत होतो आणि श्वास सोडताना लांबवत होतो. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरला डॉक्टर म्हणाले, “वळण संपलं.” नर्सने पोट दाबून धरलं तेव्हा जास्त आराम पडला. ‘थांबा’ म्हटलं की डॉक्टर थांबत होते, हवा ओढून घेत होते. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत.

दुसऱ्या वेळी एक कोंब निघाला, वाटाण्याएवढा. तारेच्या फासाने कापताना मी पडद्यावर बघत होतो. काही म्हणजे काही वाटलं नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं दुखतच नाही. तासाभराने साडूंकडे वरण-भात जेवलो. कोंब काढला म्हणून त्या रात्री गावी गेलो नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. पोट कडक होऊन जोरात दुखलं, ताप आला किंवा बरंच रक्त गेलं तर लगेच पोहोचता आलं पाहिजे.

गावात एकाने मला ‘आतडं फाटते मास्तर’ असं सांगितलं होतं. असं होऊ शकतं, पण नुसत्या तपासणीत ते प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. कोंब काढताना जरा जास्त. मी तपासणीचं फक्त बायकोला सांगितलं होतं, वहिनीने अख्ख्या गल्लीला. तिला चार भयंकर गोष्टी ऐकाव्या लागल्या, पण त्यातूनच स्वतः तपासणी करून घेतलेली एक बाई भेटली. ऐकायचंच असेल तर अशा माणसाचं ऐका, ऐकीव सांगणाऱ्याचं नको.

मग कुणी काय निवडावं? गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्या बायकांना, फार बारीक अंगाच्यांना आणि मुळातच खूप घाबरणाऱ्यांना जागेपणी जास्त त्रास होतो. त्यांनी गुंगी घ्यावी, पैसे गेले तरी. वहिनीचं ते ऑपरेशन झालेलं होतं, तिने केलं ते बरोबरच केलं. बायकांनी स्त्री डॉक्टर किंवा निदान नर्स सोबत हवी हे आधीच सांगावं, मागायला संकोच नको. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि झोपेत जोरात घोरणाऱ्यांनी गुंगीआधी तसं सांगितलंच पाहिजे. सोबत कुणी नाही, परतीला एसटीच आहे, अशा माणसाला जागेपणीच सोयीचं.

एक मधली वाटही आहे, ती मला तेव्हा माहीत नव्हती. हाताला सुई लावून ठेवायची, जागेपणी सुरू करायचं आणि सोसवलं नाही तर तेव्हा इंजेक्शन मागायचं. सगळीकडे ही सोय नसते, तारीख घेतानाच विचारावं लागतं. त्यासाठीही सोबत माणूस न्यावाच लागेल. पण ‘मागितलं तर मिळेल’ एवढं माहीत असलं तरी वळणावरची कळ निम्मी होईल असं मला वाटतं.

कोंबाचा रिपोर्ट आठवडाभराने आला. तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कर्करोगच, असं समजून मी ते आठ दिवस वाया घालवले. साधा कोंब होता. तीन वर्षांनी परत बोलावलंय. मुक्काम साडूंकडेच असेल, हाताला सुई लावून घेईन, आणि तारीख फेब्रुवारीनंतरची मागेन. डिसेंबरात भरीत सोडायचं धाडस माझ्याच्याने दुसऱ्यांदा होणार नाही.