बिलात नवा हाय प्रेशर पाइप, बॉनेटखाली जुनाच

जुनी गाडी असेल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल गळत असेल, तर गॅरेजमध्ये गाडी सोडण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले याचं दुःख आहेच. पण पंपातून स्टिअरिंगकडे जोरात तेल नेणाऱ्या हाय प्रेशर पाइपात किती दाब असतो हे ज्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याने तिथे साधा रबरी तुकडा बसवून मला रस्त्यावर पाठवलं, याची चीड अजून जात नाही.

सुरुवात नेहमीचीच होती. गाडी उभी असायची तिथे पुढच्या चाकाजवळ तांबूस तेलाचे थेंब दिसायला लागले. वळवताना पंप घरघरायचा आणि टाकीतलं तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. गॅरेजवाल्यांनी गाडी वर उचलली, तेलाने माखलेल्या रॅककडे, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाकडे, बोट दाखवलं आणि सांगितलं, "रॅक गेला. पंपही जाण्याच्या मार्गावर आहे." दोन्हींचा मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून मी गप्पच झालो. मग मालक पुढे आला. "जुनी गाडी आहे साहेब, कशाला एवढ्यात पडता? आधी हाय प्रेशर पाइप नवा टाकू, बघू थांबतं का." आधी घाबरवायचं आणि मग आपणच वाचवल्यासारखं करायचं, अशी ही चाल असते. मोठ्या खर्चातून सुटलो या आनंदात माणूस लहान खर्चाची चौकशी करत नाही, हे त्यांना नेमकं माहीत असतं.

बिलावर 'हाय प्रेशर पाइप, नवीन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ऑइल वेगळं, मजुरी वेगळी. काढलेला पाइप मागितला तर तो भंगारात गेला म्हणाले. मालकाने स्वतः सरळ रस्त्यावर एक चक्कर मारून दाखवली, खाली सगळं कोरडं होतं.

काही आठवड्यांनी अरुंद जागेत गाडी लावताना स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं आणि फट्कन आवाज आला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. तेलाची चिळकांडी थेट तापलेल्या एक्झॉस्टवर उडत होती. हे तेल तापलेल्या धातूवर पडून पेट घेऊ शकतं. माझ्या वेळी नुसत्या धुरावर भागलं, कारण इंजिन लगेच बंद केलं.

दुसऱ्या मिस्त्रीने पाइप काढून माझ्या हातात ठेवला. दोन्ही टोकांच्या धातूच्या नळ्या जुन्याच, गंजलेल्या. कंपनीने दाबून बसवलेल्या कॉलरच्या (धातूच्या कड्याच्या) जागी करवतीने कापल्याच्या खुणा. मधे साध्या रबरी पाइपाचा तुकडा, दोन्ही बाजूंना स्क्रूने आवळायच्या क्लिपा, आणि सगळ्यावर काळा रंग मारलेला, म्हणजे वरून बघणाऱ्याला एकच नवा पाइप वाटावा. क्लिपेच्या कडेला रंगाचा पोपडा उडाला होता, तिथून खालचा गंज दिसत होता.

मग इतके दिवस ते टिकलं कसं? गाडी सरळ चालते तेव्हा या पाइपातला दाब कमी असतो. स्टिअरिंग उभ्या गाडीत पूर्ण वळवलं की पंप जोर लावतो आणि दाब हजार पीएसआयच्या वर जातो. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. म्हणूनच मालकाची ती चक्कर सरळ रस्त्यावरची होती. क्लिपा रिटर्न पाइपाला चालतात, कारण तिथे तेल नुसतं टाकीत परत येत असतं. प्रेशरच्या बाजूला मशीनने क्रिम्प केलेलाच, म्हणजे कॉलर दाबून पक्का बसवलेलाच, जोड लागतो. हायड्रॉलिक पाइप बनवणारे जुन्या नळ्यांवर योग्य रबर घालून पुन्हा क्रिम्प करून देतात, आणि जुन्या गाडीचा तयार पाइप मिळत नसेल तर तो चांगला मार्ग आहे. पण ते सांगून करायचं असतं, आणि बिलावर तसंच लिहायचं असतं.

रॅकचंही खोटंच निघालं. पाइपातून झिरपलेलं तेल नळीवरून ओघळून खाली रॅकवर साचतं, त्यामुळे रॅकच गळतोय असं वाटतं. रॅकच्या टोकांचे सील गेले असतील तर दोन्ही बाजूंच्या रबरी बुटांत, म्हणजे टोकांवरच्या आवरणांत, तेल भरतं. माझ्या गाडीचे बूट आतून कोरडे होते. दुसऱ्या मिस्त्रीने सगळं तेल पुसून भाग स्वच्छ केला, इंजिन चालू ठेवून मला स्टिअरिंग वळवायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन नुसतं पाहत राहिला. कुठूनही तेल येत असलं तरी ते बोटाने चाचपू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीत शिरू शकते.

तो कापलेला पाइप आणि बिल घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. आधी "हा आमचा नाहीच" म्हणाले. मिस्त्रीने पाइप काढण्याआधी घेतलेले फोटो दाखवल्यावर "मुलाने चुकून केलं असेल" वर आले. चुकून कोणी करवतीने कापून वर रंग मारत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. लेखी तक्रार दिली आहे. पाइप, बिल आणि फोटो जपून ठेवले आहेत.

तुमच्यावर ही वेळ आली तर गाडी देतानाच सांगा की काढलेला पाइप मला हवा, आणि शक्य असेल तर नव्या पाइपाचं पाकीटही. नव्या पाइपाच्या दोन्ही टोकांना एकसारख्या दाबलेल्या कॉलर असतात, स्क्रूची क्लिप नसते. जोडावरचे वॉशर किंवा ओ-रिंग (रबरी कडी) नव्या टाकल्या का, तेही विचारा, कारण जुन्या वापरल्या तर नवा पाइपही तिथूनच झिरपतो. गळती थांबवणारं औषध टाकीत ओतू का असं विचारलं तर नको म्हणा, ते सीलचं रबर फुगवतं, फाटलेल्या पाइपाला त्याचा उपयोग नाही. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे तेल लिहिलं असेल तेच भरायला लावा. आणि पैसे देण्याआधी बॉनेट उघडं ठेवून, इंजिन चालू असताना, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून दाखवायला सांगा. टोकाला दोन-तीन सेकंदच थांबायचं, जास्त नाही, पंप तापतो. तेवढ्यात जोडाभोवती ओल दिसली तर गाडी तिथून हलवू नका.