मातीच्या रस्त्यावर चुना, द्रव एन्झाइम आणि सिमेंट: अकरा महिन्यांनंतर

आमचा रस्ता १८० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. त्यावरून ट्रॅक्टर, ट्रॉली आणि महिन्यातून दोन-तीनदा भरलेला ट्रक जातो. उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा, पावसाळ्यात चाकोऱ्या. पहिले १०० मीटर काळी चिकण माती, पुढचे ८० मीटर वाळूसर. दोन्ही तुकड्यांवर माती घट्ट करायचे वेगवेगळे प्रयोग केले. एक जमला आणि एक सपशेल फसला.

आधी जमलेल्याबद्दल. चिकण मातीत विरवलेला चुना टाकला, मातीच्या कोरड्या वजनाच्या ५ टक्के. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब सांगतो. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे ४५ घनमीटर, साधारण ७२ टन माती. त्याचे ५ टक्के म्हणजे ३.६ टन चुना, २५ किलोच्या १४४ गोण्या! दहा-वीस गोण्या भुरभुरून 'चुना टाकला' म्हणणाऱ्यांचे रस्ते का उखडतात, ते गोण्या उतरवतानाच कळलं.

रोटाव्हेटरने चुना मिसळला, पाणी मारलं, हलकं दाबलं आणि दोन दिवस तसंच सोडलं. तिसऱ्या दिवशी माती हातात घेतली तर ओळखू येईना. बोटांना चिकटणारा गोळा जाऊन रवाळ, भुसभुशीत माती झाली होती. चुन्यातलं कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना चिकटतं आणि कण गुच्छ धरतात, हा त्याचा पहिला परिणाम. खरी मजबुती पुढे काही आठवडे-महिने हळूहळू येते. पुन्हा मिसळून, पाण्याचा अंदाज घेऊन रोलर फिरवला आणि आठवडाभर रस्ता ओला ठेवून जड गाड्या बंद केल्या.

गॉगल विसरू नका. मी गॉगल घातला होता, पण हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या दोन बोटं जागेवर घामात चुना बसला. मनगटाची कातडी आठवडाभर सोलत होती.

आता फसलेला भाग. वाळूसर तुकड्यासाठी विक्रेत्याने माती घट्ट करणारं म्हणून डब्यातलं द्रव एन्झाइम गळ्यात मारलं. 'कुठल्याही मातीला चालतं,' असं तो म्हणाला आणि मीही काही विचारलं नाही. चूक माझीही आहे. अशा द्रवांना काम करायला बारीक चिकणमाती लागते, निव्वळ वाळूत ती काय करणार? पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथं ट्रॉलीचं चाक रुतलं. मग उशिरा सुचलेलं शहाणपण: दोन्ही तुकड्यांतली ढेकळं काढून पाण्याच्या ग्लासात टाकली. एन्झाइमचं ढेकूळ काही मिनिटांत विरघळून तळाशी बसलं. चुन्याचं दुसऱ्या सकाळीही कडा धरून होतं. ही परीक्षा रस्ता करायच्या आधी, मूठभर मातीवर करता आली असती. थोडे नमुने बनवायचे, ओलसर पिशवीत काही आठवडे ठेवायचे आणि मग बुडवायचे.

तो तुकडा पुन्हा उकरून ६ टक्के सिमेंटने केला. सिमेंटचा स्वभाव चुन्याच्या उलट. पाणी पडलं की साधारण दोन तासांत मिसळणं, सारखं करणं, दाबणं सगळं उरकायचं. म्हणून २०-२० मीटरचे चार तुकडे केले. तीन झकास झाले. चौथ्याच्या वेळी पाण्याचा टँकर अर्धवट मारून गेला तो उशिरा परत आला. तोवर माती धरायला लागली होती, आणि तिच्यावर रोलर फिरवणं म्हणजे जमत आलेला सांधा मोडणंच. तो तुकडा आजही कडेने भुगा होतोय.

पाण्याचं प्रमाण डब्यातल्या कुठल्याही द्रवापेक्षा जास्त महत्त्वाचं निघालं. शेतात ज्याला वाफसा म्हणतो, साधारण तसा ओलावा दाबताना हवा: मूठ दाबली की गोळा व्हावा, पण तळवा ओला होऊ नये. अभियंते हेच प्रॉक्टर चाचणीने मोजतात. ती १९३३ पासून चालत आली आहे. मोठा रस्ता असेल तर प्रयोगशाळेतून ती करून घ्या. मातीत सल्फेट आहे का, तेही तपासा. सल्फेट असेल तर चुन्याने किंवा सिमेंटने माती फुगून रस्ता वर येऊ शकतो.

उंचवटा मात्र मी पहिल्याच दिवशी नीट दिला. मध्यभाग कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर वर, म्हणजे ५ टक्के उतार, आणि दोन्ही बाजूंनी चर. पावसाळाभर रस्त्यावर पाणी थांबलं नाही.

धूळ पूर्ण गेली नाही. ट्रॅक्टर जिथं वळतो तिथं वरचा पापुद्रा घासला जातो, कारण असा घट्ट केलेला थर पायाचं काम करतो, चाकांची घासाघीस सोसत नाही. त्यावर मुरमाचा पातळ थर दिला आणि बरंच निभावलं. कॅल्शियम क्लोराइड मारायचा सल्लाही मिळाला होता. ते हवेतला ओलावा ओढून धूळ दाबतं, पण पावसात धुऊन जातं आणि लोखंडाला गंज चढवतं. कडेच्या झाडांच्या मुळांशी मीठ नको म्हणून मी टाळलं.

अकरा महिन्यांत चुन्याच्या तुकड्यावर एकच खड्डा पडलाय. तिथं चर पाचोळ्याने बुजला होता आणि पाणी आडवं रस्त्यावर आलं. चर मोकळा केलाय. खड्डा उकरून त्याच मातीत चुना मिसळून ठेवलाय, परवा दाबतो.