पीएचपीव्हीएमएस ७ चा शेड्यूल इंपोर्ट : सीझन बदलला की खरी कसोटी

एकेक फ्लाईट ऍडमिन पॅनेलमध्ये हाताने भरत बसलं तर व्हर्च्युअल एअरलाईन, म्हणजे फ्लाईट सिम्युलेटरवर उडवणाऱ्यांची काल्पनिक एअरलाईन, कधी उघडणारच नाही, त्यामुळे कुठलीही सिस्टीम घेताना मी सगळ्यात आधी तिचा बल्क इंपोर्ट, म्हणजे एका फाईलमधून सगळ्या फ्लाईट एकदम आत घ्यायची सोय, बघते. थीम कशी दिसते, रँक किती ठेवता येतात, अवॉर्ड कसे देता येतात हे सगळं नंतर. हा रिव्ह्यू पण फक्त पीएचपीव्हीएमएस ७ या व्हर्च्युअल एअरलाईन चालवायच्या सॉफ्टवेअरच्या फ्लाईट इंपोर्टबद्दल आहे, अख्ख्या सॉफ्टवेअरबद्दल नाही. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवर बांधलंय, स्वतःच्या होस्टिंगवर टाकावं लागतं आणि इंपोर्ट सीएसव्ही फाईलने (कॉमाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल) होतो, एवढी ओळख पुरे.

पहिला इंपोर्ट कुठल्याही सिस्टीममध्ये कसाबसा होऊनच जातो. डेटाबेस रिकामा असतो, बिघडायला काही नसतं, गडबड झाली तर सगळं पुसून परत टाका. कसोटी लागते ती पुढे. मार्चच्या शेवटच्या रविवारी समर शेड्यूल सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विंटर, आणि तेव्हा खऱ्या एअरलाईन्सच्या वेळा हलतात, काही रूट बंद होतात, काहींवर विमान बदलतं, आणि तोपर्यंत तुमच्याकडे पायलट आलेले असतात, त्यांनी फ्लाईट बिड करून, म्हणजे स्वतःसाठी राखून, ठेवलेल्या असतात, म्हणजे चालत्या एअरलाईनच्या पायाखालून शेड्यूल बदलायचं असतं. माझ्या मते इंपोर्ट चांगला की वाईट हे तिथे ठरतं, आणि पीएचपीव्हीएमएस तिथे बऱ्यापैकी उभं राहतं म्हणून मी हे लिहायला घेतलं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक्सपोर्ट आणि इंपोर्टचा साचा एकच आहे. कॉलम कुठले, कशा क्रमाने, नावं कशी लिहायची यावर डोकं खपवायचं नाही. एक फ्लाईट हाताने नीट भरायची, एक्सपोर्ट मारायचा, जी फाईल खाली उतरते तोच टेम्प्लेट. त्या एका ओळीत दिसतं की दिवस कसे लिहिलेत, सबफ्लीट (एका प्रकारच्या विमानांचा गट) कसे वेगळे केलेत, भाडं कसं बसवलंय. भाड्याची पद्धत पहिल्यांदा विचित्र वाटेल, क्लासचा कोड, मग प्रश्नचिन्ह, मग किंमत आणि सीट, आणि दोन क्लासच्या मध्ये सेमीकोलन, पण एकदा डोळ्याखालून गेली की लक्षात राहते, आणि सगळ्या फ्लाईटना भाडं लिहायची गरजही नाही, सबफ्लीटचं भाडं आपोआप लागू होतं. जिथे वेगळं हवंय तिथेच लिहा.

दुसरं म्हणजे रिकाम्या जागा तो स्वतः भरतो. डिपार्चर किंवा अरायव्हलचा एअरपोर्ट डेटाबेसमध्ये नसेल तर आयसीएओ कोडवरून (एअरपोर्टचा आंतरराष्ट्रीय कोड) माहिती शोधून आणतो, अंतर लिहिलं नसेल तर दोन एअरपोर्टवरून काढतो. मी अंतराचा कॉलम मुद्दाम रिकामाच ठेवते, कारण इकडून तिकडून आणलेल्या शेड्यूलमध्ये कुठे किलोमीटर असतात कुठे नॉटिकल मैल, आणि हीथ्रो ते जेएफके सुमारे ३००० नॉटिकल मैलांच्या जागी साडेपाच हजार दिसायला लागलं की एकतर सगळ्यांची आकडेवारी बिघडते आणि वर पायलट विचारतात ते वेगळंच.

फक्त कोड आयसीएओचाच हवा, चार अक्षरी, म्हणजे हीथ्रोला ईजीएलएल, दुबईला ओएमडीबी, सिंगापूरला डब्ल्यूएसएसएस. एअरलाईन्सची छापील शेड्यूल मात्र तीन अक्षरी आयएटीए कोडमध्ये असतात, तर आधी स्प्रेडशीटमध्ये एक लुकअप टेबल करून कोड बदलून घ्या, मगच पुढे जा.

सबफ्लीटचं मात्र जरा जपून. फाईलमध्ये लिहिलेला सबफ्लीट सापडला नाही तर इंपोर्टर त्याच नावाचा नवा तयार करतो. नवीन एअरलाईन उभारताना ही सोय फारच कामाची आहे, आधी फ्लाईट आणा, नंतर विमानं जोडा. पण चालू एअरलाईनमध्ये एखाद्या ओळीत डॅश राहिला की एक नवा सबफ्लीट जन्माला येतो ज्यात एकही विमान नाही, मग पायलटला फ्लाईट दिसते पण उडवायला विमान दिसत नाही, आणि तो बिचारा आपल्या रँकमध्ये काहीतरी गडबड आहे म्हणून मेसेज करत बसतो. इंपोर्ट झाला की लगेच सबफ्लीटची यादी उघडा, ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर तिथेच धरा.

आता दिवस. आठवड्याचे दिवस आकड्यात लिहायचे, १ म्हणजे सोमवार आणि ७ म्हणजे रविवार, तर सोमवार बुधवार शुक्रवारची फ्लाईट म्हणजे १३५. खऱ्या एअरलाईन इंडस्ट्रीत शेड्यूलची देवाणघेवाण ज्या आयएटीए फॉरमॅटमध्ये होते त्यातही सोमवार १ च असतो, त्यामुळे तिकडून आलेला डेटा इकडे तसाच बसतो. पण जे लोक जुन्या व्हर्जन ५ ची फाईल जपून बसलेत त्यांनी इथे थांबावं, तिकडे रविवार ० होता. ती फाईल तशीच टाकली तर सोमवार ते शनिवार बरोबर लागतात आणि फक्त रविवार गायब होतो, आणि रविवारी, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना उडायला वेळ असतो त्याच दिवशी शेड्यूल विरळ दिसतं. शोधायला अतिशय त्रासदायक प्रकार आहे हा, कारण बाकी सहा दिवस सगळं छान चाललेलं असतं. ० च्या जागी ७ एवढाच बदल करायचा असतो, पण आधी माहीत पाहिजे.

दिवस लिहिलेत तर क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय, चालू असायलाच हवा. रोज रात्री क्रॉन ठरवतो की आज कुठल्या फ्लाईट दाखवायच्या, सुरुवातीची आणि शेवटची तारीखही तिथेच तपासली जाते. क्रॉन बंद असेल तर तुम्ही कितीही सुंदर फाईल टाका, यादी हलणार नाही. पुष्कळ लोक इंपोर्टला नावं ठेवतात आणि मूळ दुखणं क्रॉनचं असतं.

वेळेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि तो कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्यासाठी सोडवत नाही. डिपार्चर आणि अरायव्हलची वेळ तुम्ही लिहाल तशी दिसते. एअरलाईन्सची शेड्यूल लोकल टाईममध्ये असतात, सिममध्ये उडवणारे बहुतेक जण यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, विचार करतात, आणि फ्लाईट टाईम मात्र मिनिटांत द्यायचा असतो, म्हणजे आठ तास दहा मिनिटं असतील तर ४९०, आठ पॉईंट दहा नाही. आता हीथ्रोहून जेएफकेची फ्लाईट घ्या. लोकल वेळा सरळ वजा केल्या तर तीन तासाची दिसेल कारण मधे पाच तासाचा फरक आहे. बरं पाच सगळीकडे धरून चालावं तर तेही नाही, अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा असतो. पाच धरून काढलेली फ्लाईट टाईम त्या दिवसांत एक तास जास्त निघते. म्हणून माझं ठाम मत आहे की सगळं यूटीसीत आणा, रूपांतर स्प्रेडशीटमध्ये करा, तारीख धरून करा, आणि मध्यरात्र ओलांडणाऱ्या फ्लाईटची वजाबाकी मायनसमध्ये गेली तर त्यात १४४० मिनिटं मिळवा. यूटीसीत आणताना दिवस बदलत असेल तर दिवसांचा कॉलमही सरकवा, हे तर हमखास राहून जातं. आणि परतीची वेळ जातानाची कॉपी करू नका, अटलांटिकवर पूर्वेकडे येताना जेट स्ट्रीम पाठीशी असतो, तास-सव्वा तासाचा फरक सहज पडतो.

स्प्रेडशीट हा स्वतःच एक खोडकर प्राणी आहे. ०५३० लिहिलेलं ५३० करून टाकतो. फ्लाईट नंबर किंवा कॉलसाईन ४ई७ सारखा असेल तर त्याला तो वैज्ञानिक पद्धतीचा आकडा समजतो आणि चार कोटी करून ठेवतो. फाईल डबल क्लिक करून उघडली की हे गुपचूप होतं आणि सेव्ह केलं की कायमचं. उपाय साधा आहे, कोऱ्या शीटमध्ये डेटा इंपोर्ट करा आणि सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. सेव्ह करताना यूटीएफ-८ ठेवा पण बीओएमशिवाय (फाईलच्या सुरुवातीची अदृश्य खूण), नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला न दिसणारी अक्षरं चिकटू शकतात. काही कॉम्प्युटरवर रीजनल सेटिंगमुळे कॉमाच्या जागी सेमीकोलन पडतो, आणि इथे सेमीकोलन सबफ्लीट वेगळे करायला वापरलाय, तर विचार करा काय गोंधळ होईल. टेक्स्ट एडिटरमध्ये पहिल्या दोन ओळी नुसत्या बघून घेतल्या तरी बरंच टळतं.

कोडशेअर काढून टाका. एकाच विमानाला चार एअरलाईन्सचे चार नंबर असतात आणि शेड्यूलमध्ये त्या चार फ्लाईट म्हणून येतात, डिपार्चर, अरायव्हल आणि वेळ तिन्ही सारखं असलेल्या ओळींतली एक ठेवून बाकी गाळल्या की फाईल एकदम हलकी होते. ज्या फ्लाईट एकाच नंबरवर मधे थांबून पुढे जातात त्यांना मात्र गाळू नका, त्यांच्यासाठी लेगचा कॉलम आहे, पहिल्या टप्प्याला १, दुसऱ्याला २.

रूटचा कॉलम मी आता रिकामाच ठेवायला लागलेय. एआयआरएसी, म्हणजे हवाई मार्गांचा अधिकृत डेटा, दर २८ दिवसांनी बदलतं, आज भरलेला रूट दोन-चार सायकलनंतर तुटतो, एखादा वेपॉईंट (मार्गावरचा ठरलेला बिंदू) नाहीसा होतो, आणि तो हजारो ओळींत दुरुस्त करणार कोण. सिमब्रीफ (फ्लाईट प्लॅन बनवून देणारी सेवा) जोडलेलं असेल तर पायलट त्या दिवशीचा रूट तिथून काढतो, तेच बरं.

आता मुख्य गोष्ट, सीझन बदलताना काय. इंपोर्ट करताना आधीचं सगळं पुसून टाकायचा पर्याय असतो आणि हात लगेच तिकडे जातो. मी म्हणेन चालू एअरलाईनमध्ये तो पर्याय वापरूच नका. पायलटांनी बिड केलेल्या फ्लाईट त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं होतं, कुणीतरी वीकेंडसाठी लांब पल्ल्याची फ्लाईट ठरवून ठेवलेली असते, सिमब्रीफचा प्लॅन तयार असतो, आणि ती नाहीशी. त्यापेक्षा आधी सगळं एक्सपोर्ट करा, ती फाईल बॅकअप म्हणून बाजूला ठेवा, दुसऱ्या कॉपीत बदल करा, बंद झालेल्या रूटना इनऍक्टिव्ह करा, पुसू नका. एअरलाईन, नंबर, लेग वगैरे ओळख जुळली की तीच फ्लाईट अपडेट होते, नवी बनत नाही, आणि मला या इंपोर्टरचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. नवीन सीझनच्या फ्लाईटना सुरुवातीची तारीख आधीच देऊन ठेवली तर त्या दिवशी रात्री जागत बसावं लागत नाही, क्रॉन सांभाळून घेतो.

इंपोर्ट संपला की कुठल्या ओळी गेल्या आणि कुठल्या अडकल्या याची यादी समोर येते. ती वाचा. नुसतं हिरवं बघून टॅब बंद करू नका.

मोठ्या फाईलचा प्रश्न आहे पण तो होस्टिंगचा. पीएचपीची मूळ सेटिंग अपलोडला २ एमबी आणि स्क्रिप्टला ३० सेकंद देते, आणि नवीन एअरपोर्ट शोधून आणायचे असतील तर ३० सेकंद काहीच नाहीत. आमचं आधीचं शेअर्ड होस्टिंग मर्यादा वाढवून द्यायला तयारच नव्हतं, इंपोर्ट मधेच तुटायचा आणि अर्धं शेड्यूल नवीन, अर्धं जुनं अशी अवस्था व्हायची, सपोर्टवाले फक्त मोठा प्लॅन घ्या म्हणत राहिले. होस्टिंग बदललं आणि तो त्रास संपला. बदलणं शक्य नसेल तर फाईलचे तुकडे करा, आधी एअरपोर्टचा वेगळा इंपोर्ट करून घ्या म्हणजे फ्लाईटच्या वेळी शोधाशोध कमी होते. शेल ऍक्सेस, म्हणजे सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय, असेल तर कमांड लाईनवरून करा, ब्राउझरच्या टाईमआऊटचा संबंधच उरत नाही.

मला अजून एक गोष्ट हवी आहे, काहीही सेव्ह न करता फाईल नुसती तपासून सांगणारा ड्राय रन. एवढ्या ओळी नवीन, एवढ्या बदलणार, हे सबफ्लीट नव्याने तयार होणार, असं आधीच दिसलं तर अर्धी धास्ती जाईल. सध्या मी साईटची एक टेस्ट कॉपी ठेवलीय आणि प्रत्येक फाईल आधी तिथे टाकते, काम होतं पण प्रत्येक छोट्या टीमला दोन इंस्टॉलेशन सांभाळणं जमेलच असं नाही.

पाचपैकी साडेचार. एका एअरलाईनचं खरंखुरं शेड्यूल चालवायचं असेल, दर सीझनला बदलायचं असेल आणि टीममध्ये स्प्रेडशीटची भीती नसलेला एक जरी माणूस असेल तर बिनधास्त घ्या. पन्नासेक फ्लाईटची हौशी एअरलाईन असेल तरी इंपोर्टच वापरा, फॉर्म भरण्यापेक्षा फाईल तपासणं सोपं जातं. आणि व्हर्जन ५ वरून येत असाल तर दिवसांचा कॉलम आणि फ्लाईट टाईमची मिनिटं, या दोन गोष्टी पहिल्या दहा ओळींवर करून बघा आणि मगच बाकीची फाईल सोडा.