फेसलिफ्ट, धागे की फिलर? सोलापूरकरांसाठी चेहऱ्याचा आणि पैशाचा हिशेब

हातात आरसा घ्या आणि पलंगावर उताणे झोपून चेहरा बघा. मग उठून बसा, मान थोडी खाली घाला आणि पुन्हा बघा. झोपल्यावर जबड्याची कड नीट दिसते, पण बसल्यावर गाल हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ओघळतात, असं असेल तर तुमचा प्रश्न सैलपणाचा आहे आणि फेसलिफ्टचा, म्हणजे ओघळलेला चेहरा शस्त्रक्रियेने वर उचलण्याचा, उपयोग होण्यासारखा आहे. झोपूनही गाल बसलेले आणि डोळ्यांखाली खळगे दिसत असतील तर चेहऱ्याची चरबी कमी झाली आहे. तिथं ओढून काही मिळत नाही, भरावं लागतं. रेषा फक्त हसताना किंवा कपाळाला आठ्या घालतानाच दिसत असतील तर तो स्नायूंचा मामला, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनचा. पंचेचाळिशीनंतर बहुतेकांना तिन्ही थोडं थोडं असतं, पण त्यातलं एक जास्त असतं. ते कुठलं हे कळल्याशिवाय कोटेशन मागू नका. नाहीतर ज्याच्याकडे जे मशीन आहे, तोच तुमचा उपाय ठरतो.

कातडी ओढायची की खालचा थर

आपल्याकडे बाज असते तशी कल्पना करा. सुतळी ढिली झाली असेल तर वरची चादर कितीही ताणून खोचा, दोन दिवसांत पुन्हा खड्डा पडणार. चेहऱ्याच्या कातडीखाली चरबी आणि स्नायूंना धरून ठेवणारा एक चिवट पडदा असतो, डॉक्टर त्याला ‘स्मास’ म्हणतात. पूर्ण फेसलिफ्टमध्ये हा पडदा उचलून टाक्यांनी वर बांधतात आणि उरलेली कातडी ताण न देता बसवून जादाची कापून टाकतात. ‘डीप प्लेन’मध्ये पडद्याच्या खाली शिरून तो कातडीसकट एकत्र हलवतात. काम जास्त वेळाचं, चेहऱ्याच्या नसांच्या जवळचं आणि महाग. नुसती कातडी ओढली की चेहरा वाऱ्यावर धरल्यासारखा दिसतो, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि व्रण रुंदावतो. म्हणून सल्ल्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच: ‘स्मासचं काय करणार?’ उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठा.

पूर्ण फेसलिफ्टची चीर कानशिलाच्या केसांपासून निघते, कानाच्या पुढून पाळीला वळसा घालून मागे केसांत जाते. हनुवटीखाली आणखी एक लहान चीर देऊन मानेच्या स्नायूंचे पट्टे आवळता येतात. भूल पूर्ण असते किंवा गुंगी देऊन जागा बधिर करतात, वेळ 3 ते 5 तास. परिणाम साधारण 7 ते 10 वर्षं टिकतो. म्हणजे तेवढ्या काळात वय थांबतं असं नाही, तर न केलेल्या स्वतःपेक्षा तुम्ही तरुण दिसत राहता.

मिनी लिफ्टची चीर कानाच्या पुढेच संपते. वेळ दीड ते अडीच तास, टिकाऊपणा 3 ते 5 वर्षांच्या आसपास. चाळिशीत, फक्त जबड्याची कड सुटली असेल तर हे पुरतं. मान लोंबत असेल तर मात्र पैसे घालवू नका: चेहरा नीट आणि खाली मान तशीच, हा विसंगत प्रकार आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

धाग्यांना काटे असतात. सुईने आत घालून कातडी अडकवून वर खेचतात, टाके नाहीत, अर्ध्या-पाऊण तासात घरी. पीडीओ या विरघळणाऱ्या द्रव्याचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो आणि दिसणारा फरक बहुतेकांना वर्षभराच्या आत ओसरतो. गाल जड असतील तर धाग्याला ते वजन पेलत नाही. तो कातडीत खळी पाडतो किंवा एका बाजूने सुटतो. फिलर हे वेगळंच काम: हायल्युरॉनिक आम्लाची जेल भरून खळगा उचलायचा, टिकतं 6 ते 18 महिने. ओघळलेल्या गालावर फिलर वर फिलर भरत गेलं की चेहरा तरुण होत नाही, फुगतो.

फेसलिफ्टने कपाळ, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, डोळ्यांखालची पिशवी, ओठांवरच्या बारीक रेषा आणि वांग यांतलं काहीही जात नाही. नाकापासून ओठापर्यंतची घडी थोडी मऊ होते, पुसली जात नाही. निराश होणारे पुष्कळ लोक याच घडीसाठी आलेले असतात.

कोटेशनचा आकडा आणि खरा आकडा

पुण्या-मुंबईत पूर्ण फेसलिफ्टसाठी साधारण दीड ते चार लाख, मिनी लिफ्टसाठी 80 हजार ते पावणेदोन लाख सांगतात. धागे त्यांच्या संख्येप्रमाणे 30 हजारांपासून लाखापर्यंत. फिलरची एक मिलीची सिरिंज 18 ते 35 हजार, बोटॉक्स युनिटला 250 ते 450 रुपये.

यावर 18 टक्के जीएसटी लागतो. अपघात, भाजणं किंवा जन्मजात व्यंग दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेला तो माफ आहे, सौंदर्यासाठी नाही. आरोग्य विमाही अशा शस्त्रक्रियेला पैसे देत नाही, तेव्हा मेडिक्लेमच्या भरवशावर बसू नका. अडीच लाखांचं काम म्हणजे 45 हजार कर धरून 2 लाख 95 हजार. शिवाय कोटेशनमध्ये भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, एक रात्रीची खोली, औषधं, रक्ततपासण्या, ईसीजी, दाबाचा पट्टा आणि टाके काढण्याच्या फेऱ्या धरल्या आहेत का, हे एकेक ओळ करून लिहून घ्या. रक्त साचलं आणि पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर पैसे कोण भरणार, हेही आधीच विचारा. शहाणा डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

आता वर्षाला भाग द्या. 2 लाख 95 हजारांची शस्त्रक्रिया आठ वर्षं टिकली तर वर्षाला सुमारे 37 हजार. 70 हजारांचे धागे करासकट 82,600, आणि ते वर्षभर टिकले तरी नशीब. तीन सिरिंज फिलर 25 हजारांच्या भावाने करासकट 88,500, वर्ष-सव्वा वर्षासाठी. लहान आकडा बघून धागे निवडणारा माणूस चार वर्षांत शस्त्रक्रियेपेक्षा जास्त खर्च करून बसतो. उलट ज्याला सैलपणाच नाही, त्याला सर्वांत स्वस्त फेसलिफ्टही महाग.

काय बिघडतं

फेसलिफ्टमधला सर्वांत नेहमीचा घोळ म्हणजे कातडीखाली रक्त साचणं. शंभरात एक ते चार जणांना होतं. पुरुषांत आणि बीपीवाल्यांत जास्त, आणि बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत. खूण लक्षात ठेवा: दोन्ही बाजू सारख्या सुजल्या तर ठीक, पण एकच बाजू अचानक कडक होऊन ठणकायला लागली तर वेदनाशामक घेऊन झोपायचं नाही, लगेच डॉक्टर. उशीर झाला तर वरची कातडी मरते.

दुसरा शत्रू तंबाखू. विडी-सिगारेट सोडलीय म्हणून भागत नाही. मिश्री, गुटखा, चुना-तंबाखू यांतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं आणि उचललेल्या कातडीला आधीच रक्त कमी मिळत असतं. कानामागची कातडी काळी पडते ती बहुधा याच कारणाने. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. घरातल्या बायका मिश्री ‘व्यसन’ म्हणून सांगतच नाहीत, म्हणून डॉक्टरांना ते मुद्दाम सांगायचं.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, ई जीवनसत्त्व आणि लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करतात. दोन आठवडे आधी बंद करतात, पण हृदयासाठी गोळी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. साखर आणि बीपी ताब्यात नसेल तर तारीख पुढे ढकला. कानाची पाळी आणि गाल काही आठवडे ते महिने बधिर राहतात, ते नेहमीचं. चेहरा हलवणाऱ्या नसेला कायमची इजा शंभरात एकाहूनही कमी वेळा होते, पण होते. आपल्या सावळ्या कातडीत व्रण जाड होण्याचा किंवा काळा पडण्याचा धोका जास्त. कान टोचल्यावर गाठ आली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

धाग्यांत खळ्या, जंतुसंसर्ग, टोक बाहेर येणं. फिलरमध्ये क्वचित पण भयंकर: जेल रक्तवाहिनीत गेली तर कातडी पांढरी पडते, दृष्टीही जाऊ शकते. ती विरघळवणारं हायल्युरॉनिडेज इंजेक्शन क्लिनिकमध्ये आत्ता, फ्रिजमध्ये आहे का, हे विचारून मगच खुर्चीवर बसा. पार्लरमध्ये फिलर? नकोच.

सोलापुरात की पुण्यात

एमबीबीएस, एमएस आणि वर प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी, एवढं शिक्षण हवं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी शस्त्रक्रियेची पदवी नाही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे तपासता येते. जिल्ह्याच्या गावातल्या प्लास्टिक सर्जनचा बराच वेळ भाजलेले आणि अपघाताचे रुग्ण बघण्यात जातो. हात उत्तम असतो, पण प्रश्न असा विचारा: गेल्या वर्षी फेसलिफ्ट किती केले, आणि वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का? सहा आठवड्यांच्या फोटोत सूजच रेषा भरून काढते. दोन्ही फोटोंत प्रकाश, कोन आणि हनुवटीची उंची सारखी हवी.

पुण्यात केलं तर रस्त्याने अडीचशे किलोमीटर, वंदे भारतने साडेतीन तास. रक्त साचलं तेव्हा तुम्ही इंदापूरजवळ गाडीत असाल, हे चालणार नाही. निदान तीन रात्री रुग्णालयाजवळ राहा. कानापुढचे टाके 5 ते 7 दिवसांत, मागचे दहाव्या दिवसाच्या सुमाराला निघतात, तोवर थांबलात तर उत्तम. दोन माणसांचा आठवड्याचा मुक्काम खर्चात धरा. सोलापुरात तेवढाच अनुभवी हात मिळत असेल तर घराजवळ असणं हा मोठा फायदा आहे.

मोसमही बघा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना दाबाचा पट्टा बांधून राहणं म्हणजे शिक्षा, आणि उन्हाने व्रण काळा होतो. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पहिले दहा दिवस डोकं उशीवर उंच ठेवून झोपायचं, पुढून उघडणारे कपडे घालायचे आणि कडक भाकरी कपाटात ठेवून मऊ भात-वरणावर राहायचं. काळे-निळे डाग दोन आठवड्यांत जातात. हेल्मेट कानामागच्या चिरेवर घासतं, तेव्हा तीन-चार आठवडे दुचाकी नाही. केसांना डाय सहा आठवड्यांनी. पुरुषांनी बधिर गालावर वस्तरा फिरवू नये, कापलेलं कळत नाही, ट्रिमर वापरावा. आणि दाढीचे केस कानाच्या अगदी जवळ सरकतात, हे आधी माहीत असू द्या.

घरात मे महिन्यात लग्न असेल तर शस्त्रक्रिया जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उरकली की लगेच. मार्चमध्ये केली तर लग्नाच्या फोटोंत कानापुढची लाल रेघ आणि थोडी सूज दोन्ही येतील. व्रण पूर्ण फिका व्हायला वर्ष लागतं.