शकुंतलेचं मूर्तिजापूर की बार्शी लाइटची कुर्डुवाडी?

माथेरान सगळेच करतात. त्यानंतरही छोट्या लाइनच्या रेल्वेचं खूळ डोक्यातून गेलं नसेल, तर माझ्या मते महाराष्ट्रात पुढचे उमेदवार दोन. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर आणि सोलापूर जिल्ह्यातली कुर्डुवाडी. मी मूर्तिजापूरला एकदा गेलो आणि कुर्डुवाडीला तीनदा. माझा कल इथेच उघडा पडला, पण तुमचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्हीकडची लाइन अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं, दोन्ही खासगी कंपन्यांनी टाकलेल्या, आणि दोन्हींचा डोळा कापसाच्या गाठींवर. गोष्टीच्या बाबतीत मात्र मूर्तिजापूर सरस, यात वाद नाही. एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ, मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे थेट एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. शेवटच्या काळात वाटेतल्या स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता, तेव्हा गार्डच तिकिटं द्यायचा. आणि नाव ‘शकुंतला’! एवढ्यावर कुणीही बॅग भरेल. फक्त ‘आजही ब्रिटिशांना भाडं जातं’ हे वाक्य चारचौघांत जपून टाका. लाइन राष्ट्रीयीकरणातून सुटली आणि कंपनीच्या मालकीची राहिली हे खरं. पण तिच्यामागची किलिक निक्सन कंपनी केव्हाच भारतीय हातांत आली होती.

कुर्डुवाडीची गोष्ट त्यामानाने कोरडी, कारण ती वजनाच्या हिशेबाची आहे. मुंबई–सोलापूर मुख्य लाइन बार्शीला टाळून गेली, म्हणून इथल्या स्टेशनाचं नाव पडलं ‘बार्शी रोड’. बार्शीची बाजारपेठ जोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये छोटी लाइन सुरू केली, तीच ही बार्शी लाइट रेल्वे. त्याचा आग्रह एकच: कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलके चालतात आणि खर्च उतरतो. पुढे ही लाइन १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली. (याच गृहस्थाने नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. वजनाने खाली येणाऱ्या वस्तूंचा नाद काही सुटला नाही.) आमच्या बार्शीच्या आत्या शेवटपर्यंत ‘लाइटने आले’ असंच म्हणायच्या. लहानपणी मला वाटायचं, विजेवर चालणारी गाडी असेल.

थोडक्यात, कागदावर मी मूर्तिजापूरच निवडलं असतं. पहिल्यांदा निवडलंही.

मूर्तिजापूरच्या स्टेशनावर उतरून तर्री-पोहे खाल्ले आणि दुकानदाराला शकुंतलेचं विचारलं. तो म्हणाला, “ते त बंद हाये ना भाऊ.” ते ठाऊक होतं. मला फक्त लाइनच्या कडेने दारव्ह्यापर्यंत जायचं होतं. माझी खरी अडचण इथे सुरू झाली. रेल्वे पाहण्यासाठी मोटार भाड्याने करावी लागली. रस्ता रुळांना सोबत करेल असं मी गृहीत धरलं होतं. त्याने केली नाही. रूळ दूर कुठेतरी शेतांमागून जायचे आणि आम्ही डांबरावरून. मधूनच ड्रायव्हर बोट दाखवायचा, “ते बाभळी दिसून राहिल्या ना, तिथून जाते.” मग गाडी थांबवायची, पऱ्हाटीतून वाट काढायची, चपलेत घुसलेले काटे उपसायचे आणि हातभर रूळ पाहून परत यायचं. असं चार वेळा झालं.

तिसऱ्या वेळी रुळांशी वाकून मी काहीतरी न्याहाळत होतो. शेजारच्या शेतातून एक आजोबा लगबगीने आले. “मोजणीवाले हाये काय तुम्ही?” मी नाही म्हणालो. “मग कधी सुरू होते?” त्यांना वाटलं, नाव सांगत नसलो तरी मी छोटी लाइन रुंद करून मोठी करण्याच्या कामाचाच माणूस असणार. नाहीतर भर उन्हात गंजलेले रूळ कोण बघतं? पुढे कारंज्याला चहा घेताना हाच प्रश्न, दारव्ह्याला मोतीबाग स्टेशनाबाहेर पुन्हा तोच. त्यांच्या लेखी ती अडलेली गाडी होती आणि माझ्या लेखी सहलीचं ठिकाण. दिवसभर मला अवघडल्यासारखं वाटत राहिलं. कुणाचीच चूक नव्हती, पण एका फुकटच्या शौकीनाने तिथे जाऊन लोकांच्या आशा चाळवू नयेत असं वाटलं ते वाटलंच. भाड्याचा आकडा इथे लिहीत नाही, घरी वाचतात.

कुर्डुवाडीला हा त्रास नाही, कारण तिथे तिकीट मिळतं.

छोटे रूळ तिथे उरलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. सगळी बार्शी लाइट मोठी झाली. रेल्वेचं वर्कशॉप आहे, माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीला तिथे येत आलेत, पण परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि ते रास्तच आहे. भिंतीबाहेरून तुम्हाला भिंत दिसेल. गाव म्हणूनही दाखवण्यासारखं फारसं काही नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चांगली मिळते, पण ती सोलापूर जिल्ह्यात कुठेही चांगलीच मिळते. ज्याला फोटो हवेत, त्याने माझं ऐकू नये.

मात्र पंढरपूरची पॅसेंजर धरा. मोडनिंबवरून जाणारा हा पन्नासेक किलोमीटरचा प्रवास, साधारण तासाभराचा. मला तरी खिडकीतून दोन-तीन ठिकाणी जुन्या भरावाचे आणि बुटक्या मोऱ्यांचे अवशेष दिसल्यासारखे वाटले. चूक असेन, पण डोळा शोधत राहतो, हीच मजा. डब्यात तुळशीमाळ घातलेल्या आजी शेजारी सरकून जागा करतात, “बसा की, पाय लांब करा.” कुणी विचारत नाही तुम्ही कशाला आलात, कारण त्या गाडीत बसणाऱ्याचं काम सगळ्यांना माहीत असतं. भीमेच्या पुलावर गाडी आली की डबाभर हात जोडले जातात. मी रुळांसाठी आलेलो, तरी माझेही जोडले गेले. लाइन रुंद झाली, गाड्या बदलल्या, पण ती ज्या कामासाठी पंढरपूरला नेली होती ते काम चालू आहे. मला बघायचं होतं ते बहुधा हेच.

मूर्तिजापूरच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी. गाडगेबाबांचं बालपण त्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेलं, आणि त्या मुलुखात त्यांचं नाव आजही घरच्या माणसासारखं घेतलं जातं. तेवढ्यासाठी जायचं असेल तर जरूर जा. पण बाबांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पंढरपुरात आहे, म्हणजे हा मुद्दाही मी हळूच कुर्डुवाडीकडे ओढला.

तुम्ही अमरावती-नागपूरकडचे असाल, तर मूर्तिजापूर हाकेच्या अंतरावर. मग वरचं सगळं निम्म्याने उणं धरा. पुण्या-सोलापूरकडच्यांना कुर्डुवाडी सकाळी निघून संध्याकाळी घरी अशी होते. मुक्काम करायचाच तर पंढरपूर किंवा बार्शीला करा. बार्शीत भगवंताचं देऊळ आहे, तेही होईल. आषाढीच्या आसपास मात्र जाऊ नका. माझी दुसरी फेरी पूर्ण उभ्याने झाली.

आणि मूर्तिजापूरच ठरवलंत, तर मुक्काम चाळीसेक किलोमीटरवरच्या अकोल्याला ठेवा, थंडीत जा, चपला नको, बूट घाला. कुणी ‘कधी सुरू होते’ विचारलं तर काय सांगायचं, तेही आधी ठरवून ठेवा. मला तिन्ही वेळा काही सुचलं नाही.